वेगवान स्कूटर आणि मुरलेले मोटारसायकलस्वार

वेगवान स्कूटर हा दुचाकींमधला एक वेगळा वर्ग आहे. लहान चाके, सीटखाली डिकी, आपोआप बदलणारा गिअर ही स्कूटरची नेहमीची लक्षणे तिच्यातही असतात. पण इंजिनाची ताकद, चाकांचा व्यास, चॅसीचा ताठपणा आणि ब्रेक हे सगळे ती जोरात चालवली जाणार या हिशेबाने ठरवलेले असतात. भारतात साधारण १२५ ते १७५ सीसीच्या स्कूटर या वर्गात मोडतात. युरोपात तो ५० सीसीपासून थेट ८०० सीसीच्या पुढपर्यंत पसरलेला आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या गाड्यांना एक अनपेक्षित चाहता मिळाला: आयुष्यभर मोठ्या मोटारसायकली चालवलेला माणूस. गुडघेदुखीमुळे किंवा वयामुळे नाइलाजाने स्कूटरकडे वळलेल्यांची गोष्ट वेगळी. इथे विषय आहे तो घरात दणकट मोटारसायकल उभी असतानाही सकाळी घाटात जायला स्कूटरची किल्ली उचलणाऱ्यांचा.

ही ओढ आकड्यांवरून कळत नाही. हजार सीसीची स्पोर्ट्स मोटारसायकल पहिल्याच गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जाते. सार्वजनिक रस्त्यावर तिचा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळायला जेमतेम दोन-तीन सेकंद मिळतात. उरलेला सगळा वेळ चालक तिला आवरत बसलेला असतो. दीडशे सीसीच्या स्कूटरचे तसे नाही. घाटाच्या चढावर तिचा अ‍ॅक्सिलरेटर या वळणापासून त्या वळणापर्यंत पूर्ण उघडा ठेवावा लागतो आणि तरी काटा पन्नास-साठच्या आसपासच असतो. ताकद कमी असल्यामुळे गमावलेला वेग लगेच परत मिळत नाही, म्हणून तो गमवायचाच नाही, हे तिच्यावरचे एकमेव शहाणपण ठरते. ब्रेक कुठे सोडायचा, वळणात कोणती रेघ धरायची, गाडी किती लवकर सरळ करायची, हे मुरलेल्या चालकाला ठाऊक असते. पण मोठ्या इंजिनावर या कौशल्यातली कसर एका पिळाने भरून निघते. स्कूटरवर ती भरून निघत नाही. चुकले तर पुढचा अर्धा चढ रडत-रखडत जातो, जमले तर मागची मोटारसायकल तीन वळणे मागेच राहते. जितका अनुभव अधिक तितकी ही मजा अधिक, ती यामुळे.

स्कूटर आणि मोटारसायकल यांच्यातले अंतर मुळापासूनचे आहे. १९४६ मध्ये इटलीत व्हेस्पा आली ती मोटारसायकलला पर्याय म्हणून. तिचा आराखडा करणारे कोराडिनो दास्कानियो हे विमान आणि हेलिकॉप्टरचे अभियंता होते आणि मोटारसायकल त्यांना मनापासून नावडती होती. तेलकट साखळी, उघडे इंजिन, पंक्चर काढण्याची कटकट या प्रत्येक तक्रारीवर त्यांनी इलाज काढला. इंजिन झाकून मागच्या चाकाशीच जोडले, साखळी काढून टाकली आणि पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूच्या दांड्यावर बसवले. वेगाचा सोस मात्र या घरगुती वाहनालाही लवकरच लागला. फेब्रुवारी १९५१ मध्ये दिनो मात्सोंचिनी याने पाणतीरासारखा बंद सांगाडा चढवलेली १२५ सीसीची व्हेस्पा रोम ते ओस्तिया या रस्त्यावर ताशी १७१ किलोमीटरने पळवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीत म्युनिकजवळच्या महामार्गावर रोमोलो फेरी याने लॅम्ब्रेटावर २०१ चा आकडा गाठला. या गाड्या दुकानात मिळणाऱ्या स्कूटरपेक्षा फार वेगळ्या होत्या हे खरे, पण लहान चाकांवर वेग पेलता येतो एवढे त्यांनी दाखवून दिले.

तरीही दोन्हींचे चालक एकमेकांपासून दूरच राहिले. ब्रिटनमध्ये १९६४ साली क्लॅक्टन, मार्गेट, ब्रायटन या किनाऱ्यावरच्या गावांत स्कूटरवाले मॉड आणि मोटारसायकलवाले रॉकर यांच्यात हाणामाऱ्या झाल्या. भारतात भांडण नव्हते, पण वाटणी स्पष्ट होती. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून निघालेली बजाज चेतक म्हणजे संसार होता: पुढे उभे पोर, मागे बायको, पायापाशी गॅसचे सिलिंडर. राजदूत, येझदी आणि १९८५ नंतर आरएक्स १०० या तरुणांच्या गाड्या. चेतकच्या जातीच्या स्कूटरचे इंजिन एका बाजूला टांगलेले असे, चाके दहा इंची आणि गिअर डाव्या मुठीत. तिला जोरात हाकणारे होतेच, पण तो गाडीपेक्षा चालकाचा पराक्रम असे.

आजच्या वेगवान स्कूटरचा स्वभाव ठरतो तो तिच्या पट्ट्याच्या गिअरमुळे. हे तंत्र नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये मोटारगाडीत आणले आणि पुढे ते स्कूटरला अगदी चपखल बसले. त्याची रचना अशी. इंजिनाच्या दांड्यावर एक पुली आणि मागच्या चाकाजवळ दुसरी, दोन्हींमध्ये रबरी बेल्ट. प्रत्येक पुली दोन तिरक्या तबकड्यांची असते. तबकड्या जवळ आल्या की बेल्ट कडेकडे चढतो आणि पुली मोठी झाल्यासारखी होते. लांब गेल्या की बेल्ट खाली उतरतो आणि पुली लहान होते. पुढच्या पुलीत, म्हणजे व्हेरिएटरमध्ये, सहा लहान रोलर असतात. इंजिनाचे फेरे वाढले की ते बाहेर फेकले जातात आणि तबकडीला ढकलतात. मागच्या पुलीवरची स्प्रिंग त्याला विरोध करते. या दोन जोरांचा समतोल जिथे साधतो तो त्या क्षणीचा गिअर. शिवाय मागच्या पुलीत तिरके खाचे असतात. चढ लागला किंवा अ‍ॅक्सिलरेटर अचानक पिळला, की ते पुलीच्या तबकड्या आवळतात आणि गिअर आपोआप खाली येतो. तिच्याच पुढे क्लच असतो. ठरावीक फेऱ्यांवर त्याच्या पट्ट्या बाहेर फाकतात आणि गाडी हलते.

याचा परिणाम विलक्षण असतो. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला की इंजिन आपल्या सर्वाधिक ताकदीच्या फेऱ्यांवर जाऊन थबकते आणि तिथेच राहते, वेग मात्र वाढत जातो. मोटारसायकलवाल्याच्या कानाला हे सुरुवातीला खटकते. आवाज चढत नाही म्हणजे गाडी पळत नाही, असा त्याचा समज असतो. काट्याकडे पाहिल्यावर तो दूर होतो. गिअर बदलताना ताकदीत पडणारा खंड इथे नसतो. सिग्नलपासून पहिल्या पन्नास मीटरांत चांगली स्कूटर तेवढ्याच ताकदीच्या मोटारसायकलला भारी पडते, याचे कारण हेच. पुढे मात्र हिशेब उलटतो, कारण बेल्टच्या घर्षणात साखळीपेक्षा जास्त ताकद वाया जाते आणि मोठ्या वेगावर ते जाणवते.

दुसरा भाग चाकांचा. फिरणारे चाक आपला आस बदलू द्यायला विरोध करते आणि हा विरोध चाकाचे वजन, व्यास आणि वेग यांच्याबरोबर वाढतो. मोटारसायकलचे सतरा इंची जड चाक वळणात पाडायला हँडलवर स्पष्ट जोर द्यावा लागतो. बारा किंवा चौदा इंची चाकाची स्कूटर नुसत्या इशाऱ्यावर कलते. पुढच्या फोर्कचा कोन उभट आणि दोन चाकांतले अंतर बेताचे, त्यामुळे डावीकडून उजवीकडे पालटणाऱ्या वळणांच्या जोडीत ती मोठ्या गाडीपेक्षा चपळ असते. किंमतही मोजावी लागते. लहान चाक खड्ड्यात अधिक खोल उतरते. साध्या स्कूटरचे इंजिन आणि बेल्टचा डबा मागच्या चाकाबरोबरच वरखाली हलतात, त्यामुळे शॉकअ‍ॅब्सॉर्बरला केवढे तरी ओझे सांभाळावे लागते. वळणाच्या ऐन मध्यावर डांबराचा उंचवटा आला की मागचे चाक जागा सोडते. सपाट फूटबोर्डामुळे चॅसीला मधोमध आधार नसतो, तोही जोरात चालवताना कळतो. चौदा इंची चाके आणि दोन पायांच्या मध्ये उंच कणा असलेल्या स्कूटर निघाल्या त्या याच दोषांवर उपाय म्हणून. कण्यामुळे चॅसी ताठ होते, गुडघ्यांना टेकू मिळतो आणि पेट्रोलची टाकीही तिथे मावते.

मोटारसायकलवरून आलेल्या माणसाला काही सवयी बदलाव्या लागतात. डावा हात क्लच शोधतो आणि सापडतो मागचा ब्रेक. पहिल्या दिवशी हा हात सवयीने पूर्ण आवळला तर चाक जागीच घसरते. उजवा पाय ब्रेक शोधतो, तिथे काहीच नसते. मांड्यांमध्ये टाकी नसल्यामुळे शरीर टेकवायला फक्त फूटबोर्ड आणि सीट उरते. वजन पावलांतून द्यायला शिकावे लागते.

सर्वांत मोठा फरक उतारावरच्या अरुंद वळणात पडतो. ताम्हिणीसारख्या घाटात केसाच्या पिनेसारखे वळण आले की मोटारसायकलस्वार दोन गिअर उतरवतो आणि इंजिनच गाडीला धरून ठेवते. स्कूटरवर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की रोलर हळूहळू आत येतात, फेरे खाली जातात आणि इंजिनाची ओढ अगदी थोडी मिळते. फेरे आणखी उतरले की क्लचच सुटतो आणि गाडी मोकळी धावू लागते. वळणाच्या मध्यावर असे झाले, आणि मग पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दिला, तर क्लच धरेपर्यंत क्षणभर काहीच होत नाही आणि नंतर ताकद एकदम धक्क्याने येते. गाडी कललेली असताना हा धक्का घातक ठरू शकतो. यावरचा उपाय जाणकार चालक स्वतःच शोधून काढतात. वेग उतरवण्याचे मुख्य काम गाडी सरळ असतानाच पुढच्या ब्रेकने उरकायचे. वळणात शिरताना डाव्या हाताने मागचा ब्रेक हलकासा धरून ठेवायचा आणि त्याच वेळी अ‍ॅक्सिलरेटर किंचित उघडा ठेवायचा. बेल्ट ताणलेला राहतो, क्लच सुटत नाही, आणि बाहेर पडताना ब्रेक ढिला करत गेले की गाडी दोरीने ओढल्यासारखी निघते. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकत्र वापरणे मोटारसायकलच्या शाळेत बहुधा शिकवत नाहीत. हे एकदा हातात बसले की स्कूटर समजली असे म्हणायला हरकत नाही.

अशा स्कूटरची खरी परंपरा इटलीची. तिथे चौदा वर्षांच्या मुलांना ५० सीसीची, ताशी ४५ किलोमीटरला बांधलेली गाडी चालवता येत असे. बांधलेली गाडी मोकळी करण्याच्या खटपटीतून एक सबंध उद्योग उभा राहिला. बोलोन्याची मालोसी आणि बेर्गामोची पोलिनी या कंपन्यांची सिलिंडर, व्हेरिएटर, क्लच ही नावाजलेली उत्पादने. त्यांच्या नावाने स्कूटरच्या शर्यतीही भरत आल्या. १९९७ मध्ये जिलेरा रनर आली. कण्याची चॅसी असलेल्या या स्कूटरमध्ये १८० सीसीचे टू-स्ट्रोक इंजिनही मिळे. इतालजेटच्या ड्रॅगस्टरने नळ्यांची उघडी चौकट आणि फोर्कऐवजी आडव्या दांड्यावरचे पुढचे चाक आणले. या गाड्यांवर वाढलेली पिढी पुढे मोटारसायकलकडे गेली, पण तिने स्कूटरला कधी कमी लेखले नाही.

स्कूटरची मरम्मत आणि सुधारणाही मोटारसायकलवाल्यांना रमवते, कारण ती स्वस्त आणि समजण्याजोगी असते. बेल्टचा डबा उघडून व्हेरिएटर काढला की सहा रोलर हाती येतात. हजारो किलोमीटर चाललेल्या रोलरला एका बाजूने चपटा डाग पडलेला असतो. असा रोलर घसरत जातो, फिरत नाही, आणि गाडीचा पिकअप कुठेतरी अडकल्यासारखा वाटू लागतो. नवे रोलर एक-दोन ग्रॅमने हलके घातले तर इंजिन अधिक फेऱ्यांवर थबकते आणि गाडी चढाला तडफेने उठते, पेट्रोल मात्र जास्त खाते. जड घातले तर फेरे शांत राहतात आणि सरळ रस्त्यावर सुख होते. सहा रोलर बदलून संपूर्ण गाडीचा स्वभाव पालटता येतो. गिअरबॉक्स उघडून दाते बदलण्याच्या मानाने हे काम एका दुपारचे आहे.

मोटारसायकलस्वारांचा खरा अडसर दूर केला तो यामाहाच्या टीमॅक्सने. २००१ च्या सुमारास आलेल्या या ४९९ सीसीच्या स्कूटरमध्ये जुळी सिलिंडरे जवळजवळ आडवी झोपवली होती आणि इंजिन मागच्या चाकाशी न जोडता मोटारसायकलसारखे चॅसीत घट्ट बसवले होते. मागचे चाक वेगळ्या हलक्या दांड्यावर मोकळे झाले आणि वजन पुढे सरकले. दोन पिस्टन एकदमच पुढेमागे होत असल्यामुळे येणारी थरथर मारण्यासाठी विरुद्ध दिशेने धावणारा तिसरा, नुसता वजनाचा पिस्टन होता. रबरी बेल्टचा आपोआप बदलणारा गिअर राहिला, पण लहान स्कूटरच्या मागच्या चाकाचे दोष गेले. २०१२ मध्ये इंजिन ५३० सीसीचे झाले, २०१५ मध्ये उलटा फोर्क आला, २०२० मध्ये इंजिन आणखी वाढून नाव टीमॅक्स ५६० झाले. ताकद ४८ अश्वशक्तीच्या आत आणि कमाल वेग १६० च्या आसपास, म्हणजे त्या किमतीच्या मोटारसायकलींपुढे काहीच नाही. तरीही इटली आणि फ्रान्समध्ये ती पिढ्यान्‌पिढ्या खपत राहिली.

इतर कंपन्यांनी वेगवेगळे मार्ग धरले. सुझुकी बर्गमन ६५० आणि होंडा सिल्व्हर विंग या लांबच्या प्रवासाच्या आरामशीर गाड्या होत्या. जिलेराने जीपी८०० मध्ये ८३९ सीसीचे व्ही-ट्विन इंजिन आणि सुमारे ७५ अश्वशक्ती दिली. तेवढी ताकद बेल्टच्या गिअरला आणि स्कूटरच्या बांध्याला ओझे झाली, आणि ही गाडी फार वर्षे टिकली नाही. ताकद वाढवत नेली की स्कूटर मोटारसायकलच्याच तराजूत जाऊन बसते आणि तिथे ती कमीच भरते, हे यातून स्पष्ट होते. होंडाने २०१७ च्या एक्स-अ‍ॅडव्हमध्ये बेल्टच सोडला आणि ७४५ सीसीच्या इंजिनाला दोन क्लचचा आपोआप बदलणारा खराखुरा गिअरबॉक्स दिला. कच्च्या रस्त्यावरही जाणारी ही गाडी उत्तम आहे, पण तिला स्कूटर म्हणावे की नाही यावर जाणकारांत एकमत नाही. ग्रां प्री शर्यतींच्या पॅडॉकमध्ये जगातले सर्वांत वेगवान चालक आपल्या तंबूपासून ट्रकपर्यंत स्कूटरवरच फिरताना दिसतात. त्यांच्या लेखी ती कमीपणाची गोष्ट नाही.

भारतात बेल्टच्या गिअरची ओळख १९८४ मध्ये पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक होंडाने करून दिली. नंतर अ‍ॅक्टिव्हाने गिअरलेस स्कूटर घराघरांत नेली, पण वेगाचा विचार तिच्यात नव्हता. तो आला २०१६ मध्ये, बारामतीच्या पियाज्जो कारखान्यात तयार झालेल्या अ‍ॅप्रिलिया एसआर १५० बरोबर. व्हेस्पाचेच १५४.८ सीसीचे इंजिन, पण दोन्हीकडे रुंद टायरांची चौदा इंची चाके आणि कडक शॉकअ‍ॅब्सॉर्बर. शहरातल्या खड्ड्यांत ती कंबरडे मोडत असे. गुळगुळीत वळणांवर तिच्या तोडीची दुसरी स्कूटर तेव्हा देशात नव्हती. २०१८ मध्ये टीव्हीएसची एनटॉर्क १२५ आली, ती कमी ताकदीतही चपळ आणि अधिक समंजस. २०२१ मध्ये यामाहाने एरॉक्स १५५ आणली. आर१५ मोटारसायकलच्या कुळातले पाण्याने थंड होणारे इंजिन, फेरे वाढल्यावर व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी रचना, १५ पीएस ताकद, १२६ किलो वजन आणि मागे १४० मिलिमीटर रुंदीचा टायर. मोटारसायकलवाल्यांनी तिला चटकन आपलेसे केले. तिच्यानंतर हिरोची झूम १६० आणि एनटॉर्कचे १५० सीसीचे रूप आले. मुंबई परिसरात पावसाळ्यात भरणाऱ्या स्कूटर रॅलीची परंपरा याहून जुनी. चिखलात लहान चाकांची स्कूटर कशी हाकावी याचे धडे तिथे कित्येकांनी गिरवले आहेत.

भारतीय रस्त्यावर काही मर्यादा पाळाव्याच लागतात. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक जोडलेले आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. स्कूटरमध्ये हे एबीएस बहुधा फक्त पुढच्या चाकाला असते. मागे ड्रम ब्रेक आणि डावा हात जड असेल, तर ओल्या रस्त्यावर मागचे चाक अडकतेच. टायरमधली हवा दोन-तीन पौंडांनी कमी असली तरी लहान चाकाची गाडी हँडलला जड लागते. जोराच्या चालीत बेल्ट तापतो. कंपनीने सांगितलेल्या अंतरावर तो न बदलल्यास घाटाच्या मध्यावर तुटतो, आणि तो तुटला की ताकदीचा पत्ताच राहत नाही. स्कूटर आहे म्हणून चप्पल आणि अर्धे हेल्मेट घालून निघणारेही दिसतात. ऐंशीच्या वेगाने पडल्यावर डांबर स्कूटर आणि मोटारसायकल यांत फरक करत नाही, म्हणून ग्लोव्ह्‌ज, बूट आणि पूर्ण हेल्मेट इथेही तितकेच आवश्यक.

विजेच्या स्कूटरने या वर्गात नवा अध्याय सुरू केला आहे. २०१८ पासून मिळू लागलेल्या बंगळूरच्या एथर ४५० मध्ये बॅटरी फूटबोर्डाखाली आणि मोटर चॅसीत बसवली होती. वजन खाली आणि मध्यावर आले, आणि मागच्या चाकावरचे इंजिनाचे ओझे गेले. म्हणजे टीमॅक्सने मोठ्या पैशात साधलेली गोष्ट विजेने सामान्य किमतीत आणली. मोटरची ओढ पहिल्या फेऱ्यापासून मिळते, क्लच धरण्याची वाट पाहावी लागत नाही. बीएमडब्ल्यूची सीई ०४ पन्नासचा वेग २.६ सेकंदांत गाठते. २०२४ मध्ये ती भारतात आली तेव्हा किंमत मात्र पंधरा लाखांच्या जवळ होती. त्याच वर्षी एथरने ४५० एपेक्समध्ये अ‍ॅक्सिलरेटर शून्याच्या पुढे उलटा फिरवण्याची सोय दिली. मूठ पुढे ढकलली की मोटर जनित्र बनते, गाडी आवरली जाते आणि वीज बॅटरीत परत जाते. उताराच्या वळणात गाडीला धरून ठेवणारी जी ओढ पट्ट्याच्या गिअरने हिरावली होती, ती या मुठीतून परत मिळते, आणि तीही हवी तेवढी, हाताच्या बोलीवर.